उलट वेढ्यांचा अँप्लिफायर

बागची साउंड, चांदनी, कलकत्ता
११ ऑगस्ट १९९७

चि. सुविमल यास आशीर्वाद.

हे पत्र कामापुरते आहे. ते पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पाकीट फोडावे की नाही या विचारात तुझा जेवढा वेळ गेला असेल तेवढाच जाईल, अधिक नाही.

गेल्या आठवड्यात दुकानात व्हॉल्व्हचा एक जुना अँप्लिफायर दुरुस्तीला आला. घेऊन येणाऱ्या बाई कोन्नगरच्या. नाव मिनती सामंत, वय चाळिशीच्या आसपास. तो जड डबा त्यांनी लोकलमध्ये आणि बसमध्ये गोधडीत गुंडाळून मांडीवर सांभाळला होता. टेबलावर ठेवताच, जुनी ओळख असल्यासारखे काकांचे नाते जोडून म्हणाल्या, "मेशोमशाय, चार दुकानं पालथी घातली. जो तो आधी विचारतो, कंपनी कुठली. अहो, कंपनी ठाऊक असती तर कंपनीच्याच दारात नसते का बसले?"

मी त्यांना सांगितले की निर्माता कळल्याखेरीज आराखडा मिळत नाही, आणि आराखड्याखेरीज मी यंत्राला हात लावत नाही.

"म्हणजे रोग्याला घरघर लागली तरी डॉक्टर आधी गोत्र विचारणार! विचारा बापडे. पण माझ्या सासऱ्यांना फार वेळ नाही, एवढं लक्षात ठेवा."

सासरे हरिसाधनबाबू अंथरुणाला खिळलेले आहेत. महालयाच्या पहाटे, पितृपक्ष संपण्याच्या दिवशी, रेडिओवर जो चंडीपाठ लागतो तो त्यांच्या छतावरून या अँप्लिफायरमार्फत सगळी गल्ली ऐकत असे. गेली दोन वर्षे यंत्र मुके आहे. यंदाचा पाठ याच यंत्रातून ऐकायचा, असे म्हाताऱ्यांनी सुनेकडून वदवून घेतले आहे. महालया १ ऑक्टोबरला आहे.

यंत्राचे वर्णन देतो. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, ॲल्युमिनियमची, हाताने कापलेली, परंतु कानस इतकी नीट चालवली आहे की कडेवरून बोट फिरवले तर कोठे अडत नाही. दर्शनी भागावर नाव नाही. नावाची पट्टी काढून टाकल्याच्या खुणा नाहीत, स्क्रूची भोकेही नाहीत. म्हणजे या यंत्राला नाव कधी नव्हतेच. दोष शेवटच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, जो स्पीकरला आवाज पोहोचवतो त्यात आहे: आतली तार तुटली आहे. त्यावर विलायती घडणीचे लोखंडी कवच असून आतून नेहमीच्या तारांखेरीज आणखी दोन बारीक तारा बाहेर येतात. आवाजाचा एक अंश मागे वळवून यंत्राच्या चुका यंत्राकडूनच सुधारून घेण्यासाठी हे वेगळे वेढे असतात. परदेशातही फार थोड्यांनी ते दिले. शिवाय वेढ्यांची दिशा उलट आहे. या दुकानात वाइंडिंगच्या यंत्राचे हँडल पुढे लोटत फिरवतात. हे वेढे हँडल आपल्याकडे ओढत घातलेले आहेत. या सर्वांवरून माल इंग्लंडातला आहे असे माझे मत झाले असून तसे मी मिनतीदेवींना सांगितलेही आहे.

तू दुकानात होतास तेव्हा या दोन जादा तारांचे तुला फार वेड होते. मी ती रचना मान्य केली नाही. त्या चर्चेत आता शिरण्याचे प्रयोजन नाही. असे ट्रान्सफॉर्मर कोणाचे, वेढे किती, कोणत्या थरावर कोणता थर, हे तुला आठवत असल्यास कळवावे. आकडे मिळाले तर मी नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळीन. न मिळाल्यास हाच उकलून मोजावा लागेल, आणि उकललेला पुन्हा होता तसा होत नाही.

फाल्गुनात तुझ्या बहिणीच्या, तू जिला मेजदी म्हणत असस तिच्या, श्राद्धाची पत्रिका तुला मिळाली असावी, असे गृहीत धरतो.

प्रियतोष बागची


२९ ऑगस्ट १९९७

चि. सुविमल यास आशीर्वाद.

उत्तर आले नाही. जमशेदपूरचा पत्ता जुना आहे, परंतु पत्र परतही आलेले नाही. तेव्हा ते तुझ्या हाती पडले असे धरून चालतो.

माझ्या पहिल्या पत्रात एक चूक आहे, ती दुरुस्त करतो. समोरच्या गाळ्यातले कासिमसाहेब तुला आठवत असतील, जुने व्हॉल्व्ह विकतात. ते काल चहाला आले. मी त्यांना माझा इंग्रजी पाहुणा दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक आत घालून यंत्र हुंगले.

"बागचीबाबू, हा इंग्रज?"

मी कवचाकडे बोट दाखवले.

"कवच माझ्याच भंगारातलं. साहेबाचा कोट चढवून कोणी साहेब होतो होय? तुमच्या तर बोलण्यालासुद्धा कोट असतो, म्हणून तुम्हाला काय लंडनला धाडायचं?" मग त्यांनी नखाने एक कंडेन्सर खरवडला. "हे बघा. मोठ्या पुराच्या साली माझं खालचं गोदाम बुडालं, तेव्हा गच्चीत वाळवून विकलेला माल. पाण्याचा डाग अजून आहे. अर्ध्या भावात दिला होता, तोंड लपवून."

"कोणाला दिला होता?"

"ते आठवत असतं तर लाजेनं कधीच मेलो नसतो का?"

म्हणजे यंत्र याच शहरातले, कदाचित याच गल्लीतले, आणि मोठा पूर आला त्या १९७८ सालचे. तू दुकान सोडून गेल्यानंतरच्या वर्षीचे. चांदनीत तेव्हा अँप्लिफायर बनवणारी सहासात दुकाने होती. प्रत्येकाचा हात मला ठाऊक होता. कोणाचे सोल्डर ढेकळासारखे असे, कोण तारा वळवण्याऐवजी नुसत्या फेकत असे. हा हात त्यांपैकी कोणाचा नाही. इतके स्वच्छ काम करून नाव न घालणारा माणूस या बाजारात असणे मला असंभव वाटते.

मिनतीदेवी दर शनिवारी येतात. मी "अद्याप निर्णय नाही" असे सांगितले की म्हणतात, "निर्णय कोर्टात होतात, मेशोमशाय. इथं नुसता आवाज हवाय." येताना सासऱ्यांच्या बागेतला एखादा पेरू आणतात आणि तुझ्या मेजदीच्या स्टुलावर बसतात. पहिल्या खेपेला मी त्यांना दुसरी खुर्ची दिली होती. आता देत नाही.

वाइंडिंगच्या यंत्रावर मी कापड घातलेले आहे. फाल्गुनापासून ते काढलेले नाही.

तुला तिच्या आजाराविषयी का कळवले नाही, असा प्रश्न तू विचारलेला नाहीस. तथापि नोंद असावी म्हणून लिहितो. मी कळवणार होतो. पोस्टकार्ड लिहून तिला दाखवले. ती म्हणाली, "नको. मी त्याला एकदा हाक मारून पाहिली आहे. आता पुरे." कोणती हाक, केव्हा मारली, हे मी विचारले नाही. तिला बोलताना धाप लागत असे. नंतर नंतर बोलणेही थांबले. केवळ हात स्वस्थ नसत. परंतु तो विषय या पत्राचा नव्हे.

आकडे आठवत असल्यास कळवावे. सप्टेंबरअखेरपर्यंत माझ्याकडे अवधी आहे.

प्रियतोष बागची


१८ सप्टेंबर १९९७

चि. सुविमल,

काल विश्वकर्मा पूजा झाली. त्या दिवशी चांदनीत कोणीही हत्यार चालवत नाही, हे तुला सांगायला नको. मूर्ती आणण्याचा यंदा विचार नव्हता. कासिमसाहेबच येऊन म्हणाले, "बाबू, तुमचा देव उपाशी राहिला तर माझ्या गाळ्याला शाप लागायचा, दरवाजे समोरासमोर आहेत." म्हणून एक लहान मूर्ती आणली, हत्यारे पुसून मांडली आणि चंदन उगाळले.

आपल्या दुकानातला नियम तुझ्या स्मरणात असेल. इतर गाळ्यांत यंत्रांना सिंदूर फासतात. सिंदुरात पारा असतो आणि विजेच्या यंत्रात त्याला स्थान नाही, म्हणून येथे केवळ चंदन, तेही बाहेरून, तेही माझ्या हाताने. तू या नियमाला हसत असस. तुझी मेजदी हसत नसे.

दुरुस्तीला आलेल्या वस्तूंनाही त्या दिवशी पुसून टिळा लावायचा असतो. मी कोन्नगरचा अँप्लिफायर पालथा केला आणि खालच्या बाजूने फडके फिरवू लागलो. ट्रान्सफॉर्मरच्या अगदी खाली, चासीच्या आतल्या कोपऱ्यात, जेथे दिवा तिरका धरल्याशिवाय दिसत नाही, तेथे एक सुकलेला, काळपट पडलेला लाल ठिपका होता. तेलात कालवलेला सिंदूर. अनामिकेच्या टोकाएवढा.

मी फडके खाली ठेवले. नंतर क्रमाने विचार केला, कारण मला दुसरी पद्धत येत नाही. ज्या दुकानात सिंदूर चालतो तेथे तो दर्शनी भागावर लावतात, देवाला आणि गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून. तो असा लपवून कोण लावील? ज्या दुकानात तो चालत नाही तेथलेच कोणी. आणि तसे दुकान या गल्लीत एकच आहे.

मग मी तारांची टोके पाहिली. महिनाभर ती माझ्या डोळ्यांसमोर होती. दोन जादा तारांवर ओळखीसाठी लाल दोरा बांधलेला आहे. तो दोरा वाइंडिंगच्या बाजारातला नाही, मांजाचा आहे. काच अजून बोटाला लागते. आणि गाठ पतंगाला कणी बांधताना मारतात ती, दुहेरी फासाची.

या पूजेला उडवतात त्या पतंगांनी बाहेर सगळे आकाश भरले होते. पोरे "भोकाट्टा" म्हणून कापलेल्या पतंगामागे ओरडत होती. पलीकडच्या छतावर एक मुलगा पतंग उडवत होता आणि त्याच्यामागे एक मुलगी मांजाची आसारी धरून उभी होती. तो म्हणाला, "आवर, आवर, परत आण!" आणि ती दोन्ही हातांनी आसारी आपल्याकडे ओढत फिरवू लागली. आपल्याकडे, सुविमल. पतंग घरी आणायचा तर हात असेच फिरतात. लग्नापूर्वी बागबाजारच्या तुमच्या छतावर मी हे पाहिले होते: तू पतंगापाशी, ती आसारीपाशी, आणि "बुटू, ढील दे, अरे बुटू!" हा तिचा आवाज तीन घरे पलीकडे.

पुढे माझ्या दुकानात ती वाइंडिंगला बसली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने हँडल आपल्याकडे ओढले होते. मी तिला थांबवून पुढे लोटायला शिकवले. विजेला दिशेचे काही नसते. आरंभ आणि शेवट लक्षात ठेवला म्हणजे झाले. परंतु दुकानात पद्धत एक असावी. तिने ती पद्धत इतकी वर्षे इतकी बिनचूक पाळली की हजारो ट्रान्सफॉर्मर तिच्या हातून गेले तरी तिचा स्वतःचा हात कसा आहे हे मला कळण्याचा प्रसंगच आला नाही. तो प्रथमच समोर आला तेव्हा मी त्याला इंग्रज ठरवले.

हे यंत्र तिने एकटीने बनवले आहे. केव्हा बनवले, मला ठाऊक नाही. मी दुपारी जेवायला आणि डुलकी घ्यायला घरी जात असे, ती दुकानात थांबत असे. कोणासाठी बनवले आणि ते कोन्नगरला कसे गेले, तेही ठाऊक नाही. एवढे मात्र निश्चित की जी रचना मी नाकारली ती तिने यात घातली आहे. म्हणजे आकडे तुझे आहेत.

आता विनंतीचे स्वरूप बदलले आहे, हे तुझ्या ध्यानात येईल. तिच्या हातचे, तिच्या पद्धतीचे एवढे एकच वेटोळे शिल्लक आहे. तू आकडे कळवलेस तर ते जसे आहे तसे राहील. न कळवलेस तर ते मला माझ्या हाताने उकलावे लागेल.

प्रियतोष


२४ सप्टेंबर १९९७

सुविमल,

काल कोन्नगरला जाऊन आलो. स्पीकर तपासायचे असे निमित्त केले होते. मिनतीदेवी दारातच म्हणाल्या, "निमित्त राहू द्या, लुची तळतेय, आधी बसा."

हरिसाधनबाबूंची खाट खिडकीशी आहे. शरीर राहिलेले नाही, आवाज मात्र खणखणीत. माझे नाव ऐकताच म्हणाले, "बागची? चांदनीचे बागची? अहो सूनबाई, यांना लुची देऊ नका. हे टोमणे मारण्यात फार मोठे गृहस्थ आहेत."

मी विचारले, आपण मला कसे ओळखता.

त्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देतो. "मी नोकरीत असताना टाटानगरला, म्हणजे जमशेदपुरात, आमच्या शेजारच्या क्वार्टरात एक पोरगा राहायचा. चांगला पोरगा, जरा तापट. एक दिवस लाकडी खोक्यातून पार्सल आलं. त्यानं खिळे काढले, आत पाहिलं, आणि खोकं तसंच उचलून माझ्या ओट्यावर आणून आदळलं. म्हणे, काका, तुम्हाला गाण्याची हौस आहे ना? घेऊन जा. जामाइबाबूंनी, माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं, पाठवलाय. मी नावाच्या पट्टीवर त्यांच्या नावाशेजारी माझं नाव मागितलं होतं. म्हणून मुद्दाम बिननावाचा पाठवलाय. मी म्हटलं, अरे वेड्या, खालून उघडून तरी बघ. तर म्हणाला, टोमणा उघडून काय बघायचा?"

मिनतीदेवींनी कढई खाली उतरवली होती.

मी तो अँप्लिफायर पाठवला नव्हता, सुविमल. पार्सलावर दुकानाचा शिक्का असणार, कारण आमच्याकडे शिक्का एकच होता. नावाची पट्टी नव्हती, कारण पट्टी माझ्या नावाची होती आणि हे काम माझे नव्हते. तिच्या स्वतःच्या नावाची पट्टी तिला कोण करून देणार? तिला वाटले असेल की नावाची गरजच नाही. तू झाकण काढशील, वेढे पाहशील, मांजाची गाठ पाहशील आणि तुला कळेल. हा हात ओळखणारा जगात एकच माणूस होता. म्हणून तिने चिठ्ठीही घातली नाही.

मग ती उत्तराची वाट पाहत राहिली असेल. माझ्याजवळ तिने चकार शब्द काढला नाही. "मी त्याला एकदा हाक मारून पाहिली आहे." ती हाक माझ्या टेबलावर पडलेली आहे.

हे तुला लिहावे की नाही, याचा मी परतीच्या गाडीत विचार केला. ज्याच्यावर आता इलाज नाही ते सांगून काय साधणार? निघताना तसे बोललोही होतो. मिनतीदेवी म्हणाल्या, "लिहा. न सांगणं म्हणजे दया नव्हे, मेशोमशाय, तो नुसता कंटाळा. आमच्याकडे बाबांना काय झालंय हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, फक्त बाबांना नाही. ते दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसतात. त्यापेक्षा वाईट काही नसतं." तेव्हा मी लिहीत आहे. तुला बोल लावण्यासाठी नव्हे. मी स्वतः महिनाभर ते यंत्र उघडे टाकून बसलो होतो आणि मला काही कळले नाही. तू निदान उघडले नव्हतेस.

आकडे हवे आहेत. रविवारपर्यंत तुझे पत्र आले तर तिचे वेटोळे वाचेल. तार केलीस तर अधिक बरे.

प्रियतोष


२ ऑक्टोबर १९९७

सुविमल,

रविवारी टपाल नसते, हे मला लिहिताना सुचले नव्हते. सोमवारी सकाळी पोस्टमन येईपर्यंत थांबलो. तो पूजेच्या बक्षिसीविषयी बोलून गेला.

वाइंडिंगच्या यंत्रावरचे कापड काढले. तिचे वेटोळे उकलताना तार तोडत जावे, अशी रीत आहे. भंगारात तांब्याला मोल असते, सलगपणाला नसते. मला ते जमले नाही. कासिमसाहेबांनी कोठूनशी एक आसारी आणून दिली. त्यांनी यावेळी थट्टा केली नाही. दुसरे टोक धरून बसले. थरामागून थर मी तिची तार आसारीवर घेत गेलो आणि कासिमसाहेब मोजत गेले. थरांमधले कागद तिने कात्रीने इतके सारखे कापले होते की एकाची कड दुसऱ्याच्या बाहेर नव्हती. तुटलेली जागा अगदी आतल्या थरात निघाली. तेथे तांबे हिरवे पडले होते. कागदाला ओल होती. पुरात भिजलेला माल असावा. दोष तिच्या हाताचा नव्हता, हे नमूद करतो.

नवे वेटोळे मी नव्या तारेचे घातले, हँडल आपल्याकडे ओढत. तशी आवश्यकता नव्हती. मला ते सहज साधले नाही. मनगट पुढेच जाऊ पाहते, तार एकावर एक चढते. दोनदा टाकून दिले. तिसरे बसले.

मंगळवारी संध्याकाळी यंत्र कोन्नगरला पोहोचवले. मिनतीदेवींनी मला परत येऊ दिले नाही. पहाटे गल्लीतली माणसे अंगावर चादरी घेऊन ओट्यांवर येऊन बसली. शंख वाजला आणि चंडीपाठ सुरू झाला. यंत्र व्यवस्थित चालले. गुरगुर नव्हती, आवाज फाटत नव्हता. हरिसाधनबाबू डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होते. संपल्यावर मी विचारले, ठीक आहे ना?

ते म्हणाले, "ठीक आहे. पूर्वी आवाज आतून यायचा. आता बाहेरून येतो. असो. नवी सून आहे, रुळेल. तेवढं ऐकायला मी नसेन."

सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला देवानं स्वतः गाऊन दाखवलं तरी तुम्ही म्हणाल, पूर्वीचा देव बरा होता." म्हातारे हसले. मलाही हसणे भाग होते.

मग गंगेच्या घाटावर जाऊन तर्पण केले. तिचे नाव घेऊन पाणी सोडताना पुरोहिताने विचारले, आणखी कोणाच्या वतीने? मी सांगितले, तिच्या भावाच्या. हे शास्त्रात बसते की नाही, मला ठाऊक नाही. त्याने आक्षेप घेतला नाही.

आता तुला आकडे कळवण्याची गरज राहिलेली नाही. तेव्हा हे माझे शेवटचे पत्र समजावे.

प्रियतोष


१६ ऑक्टोबर १९९७

बुटू,

काल तुझे पोस्टकार्ड मिळाले. दशमीनंतर पाहुण्यांची ये-जा असते, म्हणून ते मी दुकानात घेऊन गेलो आणि दार लावून वाचले. दशमीला थोरांना प्रणाम कळवणारे तुझे विजयेचे पत्र तू गेल्यापासून कधी आले नव्हते. दर वर्षी तुझी मेजदी नारळाचे लाडू वळता वळता दाराकडे पाहत असे.

पत्रात "विजयेचा प्रणाम" एवढे आहे, खाली आकडे आहेत, आणि सर्वांत खाली एक ओळ. आकडे मी कासिमसाहेबांच्या मोजणीशी ताडून पाहिले. सर्व जुळतात, फक्त लाल दोऱ्याच्या वेढ्यांत फरक आहे. तुझ्या आकड्यांप्रमाणे आवाज चढवताच यंत्र किंचाळू लागले असते. त्या वेळी माझा आक्षेप नेमका हाच होता. तिने वेढे कमी केले आणि दोष घालवला. म्हणजे तुझी रचनाही बरोबर होती आणि माझा आक्षेपही, आणि हे आपल्या तिघांत एकट्या तिलाच ठाऊक होते.

खालच्या ओळीत तू विचारले आहेस, "मेजदी कशी गेली?"

दुपारी गेली. मी जवळ होतो. आजार पोटाचा होता आणि लांबला होता. शेवटचे काही दिवस ती बोलत नव्हती, डोळेही क्वचित उघडत असे. फक्त हात थांबत नसत. दोन्ही हात पांघरुणावर, आणि बोटे सारखी चादर आपल्याकडे ओढत असत; थोडी, पुन्हा थोडी, पुन्हा थोडी. नर्स म्हणाली, "होतं असं शेवटी, सगळेच करतात," आणि तिने हात पांघरुणाखाली घालून कडा गादीखाली खोचल्या. मी नर्सला अडवले नाही. पांघरुणाखालीही ते चालूच होते, मला दिसत होते. मी ती वेदना समजलो. हे कोणालाही सांगितलेले नाही.

नर्सचे म्हणणेच खरे असेल. मी विज्ञानाचा पदवीधर आहे आणि जे सिद्ध करता येत नाही ते मी लिहीत नाही. परंतु ते वेटोळे घालताना मी हँडल आपल्याकडे ओढत फिरवले, आणि तिसऱ्या खेपेला, मनगट सैल पडल्यावर, ती हालचाल मला ओळखू आली. ती आसारी फिरवत होती. पतंग परत आणत होती. कोणाचा, हे तुला लिहून कळवण्याची आवश्यकता नाही.

तिची तार आसारीवर आहे, सलग, फक्त एके ठिकाणी तुटलेली. ती टपालाने पाठवणार नाही.

दुकान दहाला उघडतो. तिचे स्टूल रिकामे असते. शनिवारी मात्र मिनतीदेवी येतात.

जामाइबाबू